एका सेकंदाची उभारणी : काल-स्पंद जनित्राचा अभ्यासपाठ

विद्यालयाच्या विज्ञान प्रयोगशाळेत येणाऱ्या पाहुण्यांचे लक्ष प्रथम वेधून घेते ते खिडकीजवळच्या लाकडी फळीवर बसवलेले एक छोटेसे यंत्र. त्यावरील लाल दिवा दर सेकंदाला एकदा उजळतो आणि शेजारचे पाच आकडे एकेकाने पुढे सरकतात. पालक मेळाव्याला आलेली मंडळी “हे घड्याळ आहे का?” असे विचारतात. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या काळात ही फळी नव्हती, त्यांनाही तोच प्रश्न पडतो. ते घड्याळ नव्हे. घड्याळ वेळ सांगते. हे यंत्र केवळ समान अंतराने ठोके देते. ठोके मोजण्याचे आणि त्यांचा अर्थ लावण्याचे काम विद्यार्थ्यांचे. बाजारात अशा यंत्राला टायमिंग पल्स जनरेटर म्हणतात. आम्ही वर्गात काल-स्पंद जनित्र हा शब्द वापरतो, आणि मुले त्याला नुसते ‘ठोक्या’ म्हणतात. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते कसे उभारावे, कसे चालवावे आणि मुख्य म्हणजे त्याच्यावर विश्वास केव्हा ठेवावा, याचा पाठ वाचकांपुढे ठेवीत आहोत. पुढील वर्णनावरून एखाद्या माजी विद्यार्थ्याला आपल्या गावच्या शाळेत असे यंत्र उभे करता आले, तर आमचे लेखन सार्थकी लागले असे आम्ही समजू.

या उद्योगाकडे आम्ही वळलो त्याचे कारण प्रयोगशाळेत नव्हे, मैदानावर होते. आपली मुले शंभर मीटर धावण्याच्या निवड चाचणीला जातात, तेव्हा निवडलेला आणि वगळलेला यांच्यातील अंतर पुष्कळदा सेकंदाच्या एक-दोन दशांशांचे असते. हाताने स्टॉपवॉच दाबणाऱ्या माणसाचा अंगठा इशाऱ्यानंतर साधारण एकपंचमांश सेकंदाने हलतो, आणि प्रत्येकाचा अंगठा वेगळा. वेळनोंदक शेवटच्या रेषेवर उभा राहून पिस्तुलाचा आवाज ऐकून घड्याळ सुरू करील, तर आवाजाला शंभर मीटर कापायलाच सुमारे ०.२९ सेकंद लागतात. म्हणून धूर पाहून घड्याळ दाबावे असा नियम आहे. धावपटू रेषेजवळ येताना मात्र तो डोळ्यांना दिसत असतो आणि अंगठा आधीच तयार असतो. त्यामुळे हाताने घेतलेली वेळ बहुधा खऱ्या वेळेपेक्षा कमी भरते. शंभर व दोनशे मीटरच्या शर्यतींत हातवेळ आणि विद्युतवेळ यांची तुलना करताना ०.२४ सेकंदाची भर धरण्याची रूढी यातूनच आली, आणि १९७७ पासून चारशे मीटरपर्यंतच्या जागतिक विक्रमांसाठी केवळ स्वयंचलित विद्युतवेळ ग्राह्य धरली जाऊ लागली. एका आईने आम्हांला साधा प्रश्न विचारला होता : “गुरुजी, माझा पोरगा कमी पडला की घड्याळवाल्याचा अंगठा?” या प्रश्नाला उत्तर द्यायचे, तर अंगठ्याच्या बाहेरचे, कोणालाही तपासता येईल असे एक माप हवे होते.

आवारात सर्वांसाठी ठोके देणारे यंत्र ठेवण्याची कल्पना मुळीच नवी नाही. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आलेला चिनी भिक्खू इत्सिंग नालंदा येथे काही वर्षे राहिला. त्याने आपल्या वृत्तान्तात तेथील जलघटीचे वर्णन केले आहे. पाण्याने भरलेल्या तांब्याच्या मोठ्या भांड्यात तळाला सुईएवढे छिद्र असलेली तांब्याची वाटी तरंगत ठेवीत. छिद्रातून पाणी वर चढे, वाटी भरली की बुडे, आणि पहारेकरी नगाऱ्यावर ठोका देई. सकाळी पहिल्या बुडण्याला एक ठोका, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. चौथ्याला चार ठोके देऊन शंख फुंकला जाई. अशी दोन आवर्तने झाली की मध्यान्ह. त्यानंतर भोजन करावयाचे नाही, हा विनयाचा नियम. आणि जो जेवताना आढळेल त्याला संघाबाहेर काढले जाई. म्हणजे वाटीचे छिद्र किंचित बुजले किंवा रुंदावले, तर कोणाचे तरी जेवण किंवा कोणाची तरी संघातील जागा त्यावर अवलंबून असे. निवासी शिक्षणसंस्थेत काल-स्पंद जनित्र म्हणजे काय वस्तू असते, हे सांगायला याहून नेमके उदाहरण आम्हांला माहीत नाही.

हेच घटिकापात्र आपल्याकडे अगदी अलीकडेपर्यंत लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी वापरात होते. एक वाटी बुडण्याचा काळ म्हणजे एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटे. अहोरात्रात साठ घटिका. ‘घटका भरली’ हा शब्दप्रयोग त्या वाटीतूनच आला. वर्गात विजेचा पाठ सुरू करण्याआधी आम्ही मुलांना एका स्टीलच्या वाटीला बारीक छिद्र पाडून बादलीत सोडायला सांगतो. ती प्रत्येक वेळी सारख्याच काळात बुडते का, गरम पाण्यात लवकर बुडते का, छिद्रात कचरा अडकला तर काय होते, हे त्यांनी स्वतः पाहिले की पुढचा अर्धा पाठ आपोआप समजतो. कारण आमच्या यंत्राच्या पहिल्या आवृत्तीत हेच घडते; फरक इतकाच, की पाण्याऐवजी विद्युतभार आणि वाटीऐवजी कपॅसिटर असतो.

पहिली आवृत्ती ५५५ या क्रमांकाच्या आय.सी.ची आहे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले अभियंता हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्स या अमेरिकी कंपनीसाठी तिची रचना केली आणि १९७२ मध्ये ती बाजारात आली. अर्धशतक उलटून गेले तरी ती आजही जिल्ह्याच्या ठिकाणच्या कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. तिच्या पोटात समान किमतीचे तीन रेझिस्टर एकापाठोपाठ जोडलेले असतात. ते पुरवठ्याच्या दाबाचे तीन समान भाग करतात. कपॅसिटरवरील दाब दोनतृतीयांशापर्यंत चढला की आय.सी. त्याला रिकामे करू लागते. तो एकतृतीयांशापर्यंत उतरला की पुन्हा भरू देते. हे चढणे-उतरणे अखंड चालू राहते आणि त्याबरोबर आय.सी.ची निर्गम तार वर-खाली होते. येथे एक गोष्ट आम्ही मुलांना मुद्दाम थांबून दाखवतो. बॅटरी थोडी उतरली म्हणून ठोक्यांची गती फारशी बदलत नाही. कारण भरण्याचा वेग मंदावतो तसा पोहोचायचा टप्पाही त्याच प्रमाणात खाली येतो. गुणोत्तरावर आधारलेली रचना टिकाऊ ठरते, हे शब्दांत सांगण्यापेक्षा दाब पाच व्होल्टवरून नऊ व्होल्टवर नेऊन दाखवणे सोपे असते.

जोडणी अशी. आठव्या पायाला पुरवठ्याचे धन टोक आणि पहिल्या पायाला ऋण टोक. धन टोकापासून सातव्या पायापर्यंत पहिला रेझिस्टर, त्याला र१ म्हणू. सातव्यापासून सहाव्यापर्यंत दुसरा, र२. सहावा आणि दुसरा पाय एकमेकांना जोडावेत आणि तेथून ऋण टोकापर्यंत कपॅसिटर द्यावा. तो इलेक्ट्रोलायटिक असेल तर त्याचे ऋण टोक खाली. चौथा पाय धन टोकाला बांधावा, नाहीतर यंत्र मनात येईल तेव्हा थांबते. पाचव्या पायापासून ऋण टोकापर्यंत ०.०१ मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर असावा. तिसरा पाय ही निर्गम तार. तेथून २२० ओहमच्या रेझिस्टरमधून एल.ई.डी. जोडावा. पुरवठा पाच व्होल्टचा घ्यावा, कारण पुढील आवृत्तीलाही तोच लागतो. बारा व्होल्टची बॅटरी आणि ७८०५ हा रेग्युलेटर वापरला की वीज गेली तरी ठोके चुकत नाहीत. भिंतीतील २३० व्होल्टची तार या फळीपर्यंत येऊ द्यायची नाही, हा आमचा पक्का नियम आहे. बॅटरी वेगळ्या खोलीत भारित करून आणली जाते.

एका आवर्तनाचा काळ काढण्यासाठी र१ मध्ये र२ ची दुप्पट मिळवावी, बेरजेला कपॅसिटरच्या किमतीने गुणावे आणि पुन्हा ०.६९३ ने गुणावे. र१ दहा किलोओहम, र२ अडुसष्ट किलोओहम आणि कपॅसिटर दहा मायक्रोफॅरड घेतला, तर उत्तर १.०१२ सेकंद येते. कागदावर हे उत्तर सुंदर दिसते. परंतु बाजारातील इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरवर छापलेली किंमत वीस टक्क्यांनी इकडे-तिकडे असू शकते. म्हणून र२ च्या जागी सत्तेचाळीस किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याच्याबरोबर तेवढ्याच किमतीचा प्रिसेट एकापाठोपाठ जोडावा. मग काळ ०.७२ पासून १.३७ सेकंदांपर्यंत हवा तसा फिरवता येतो. र१ अगदी शून्य करू नये, कारण सातवा पाय कपॅसिटर रिकामा करताना पुरवठ्यालाच ऋण टोकाशी जोडील.

आणखी एक बारकावा पाठ्यपुस्तकांत क्वचित येतो. यंत्र सुरू केल्यावर पहिला ठोका लांब असतो. नेहमीचे भरणे एकतृतीयांशापासून सुरू होते. पहिल्या वेळी मात्र कपॅसिटर पूर्ण रिकामा असल्याने भरणे शून्यापासून होते आणि त्याला जवळजवळ दीडपटीहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणून मोजणी कधीही पहिल्या ठोक्यापासून सुरू करू नये. घटिकापात्राचेही तसेच होते. कोरडी वाटी पहिल्यांदा सोडताना ती जरा आढेवेढे घेते.

पाचशे पंचावन्नची आवृत्ती शिकायला उत्तम, पण विश्वास ठेवायला अपुरी. प्रिसेट कितीही काळजीने फिरवला तरी दुपारच्या उष्णतेने कपॅसिटरची किंमत सरकते. एक टक्का चूक म्हणजे दिवसाला ८६४ सेकंद, अर्थात चौदा मिनिटे चोवीस सेकंद. नालंदेच्या पहारेकऱ्याला ते चालले असते की नाही सांगता येत नाही. आम्हांला चालत नाही. म्हणून दुसरी आवृत्ती क्वार्ट्झ क्रिस्टलची.

मनगटी घड्याळात असते तेच हे चिमुकले नळकांडे. ते सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावते. हा आकडा विचित्र वाटतो, पण दोनला दोनने पंधरा वेळा लिहून गुणले की नेमका तोच मिळतो. म्हणजे पंधरा वेळा निम्मे करीत गेले की सेकंदाला बरोबर एक स्पंद उरतो. सातवीच्या मुलांना घातांकाचा उपयोग विचारला तर आम्ही हे दाखवतो. फळ्यावर पंधरा ओळींचा भागाकार करून शेवटी एक आला की वर्गात आनंदाची लहर उठते. सी.डी. ४०६० ही आय.सी. चौदा वेळा निम्मे करते. तिच्या दहाव्या आणि अकराव्या पायांच्या मध्ये क्रिस्टल बसतो, त्याच दोन पायांमध्ये दहा मेगाओहमचा रेझिस्टर येतो, दहाव्या पायाकडून क्रिस्टलकडे जाणाऱ्या वाटेवर ३३० किलोओहमचा रेझिस्टर घालतात, आणि क्रिस्टलच्या दोन्ही टोकांपासून ऋण टोकापर्यंत बावीस पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर जोडतात. बारावा पाय ऋण टोकाला बांधलाच पाहिजे. सोळावा धन, आठवा ऋण. तिसऱ्या पायावर सेकंदाला दोन स्पंद मिळतात. ते सी.डी. ४०१३ च्या तिसऱ्या पायाला दिले, तिचा दुसरा आणि पाचवा पाय एकमेकांना जोडला आणि चौथा-सहावा ऋण टोकाला नेला, की पहिल्या पायावर पंधरावे निम्मे होऊन सेकंदाला एक स्पंद हाती येतो. तिच्या उरलेल्या अर्ध्या भागाचे ८, ९, १०, ११ हे पायही ऋण टोकाला बांधावेत; मोकळे सोडलेले पाय हवेतील वीज वेचत बसतात आणि आय.सी. विनाकारण तापते.

या दोन्ही आय.सी. स्थिर विजेने बिघडतात. हाताळण्यापूर्वी नळाच्या धातूला किंवा जमिनीशी जोडलेल्या पट्टीला हात लावावा, टेरिकॉटच्या कपड्यांवरून त्या घासत नेऊ नयेत. शक्य असेल तर आय.सी. थेट झाळू नये. सॉकेट झाळून त्यात ती बसवावी.

ठोके मोजण्यासाठी सी.डी. ४०२६ च्या पाच आय.सी. आणि आकडे दाखवणारी पाच फलके आहेत. एका आय.सी.चा पाचवा पाय पुढच्या आय.सी.च्या पहिल्या पायाला जोडला की एकक, दशक, शतक असे स्थान सरकत जाते. पाच व्होल्टवर आकडे काहीसे मंद उजळतात, म्हणून फळी सावलीत ठेवली आहे. पाचच आकडे का, याला कारण आहे. दिवसाचे सेकंद ८६,४००. ते पाच आकड्यांत मावतात.

आता खरा प्रश्न. दिवा दर सेकंदाला उजळतो हे आम्ही कशावरून म्हणतो? यंत्र स्वतःबद्दल जे सांगते त्यावर विसंबून चालत नाही. आज सेकंदाची व्याख्या सिझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवर आधारलेली आहे. १९६७ मध्ये ती स्वीकारली गेली. भारताची प्रमाणवेळ नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अशा आण्विक घड्याळांच्या साहाय्याने सांभाळते. प्रमाणवेळ म्हणजे ठरवलेली, सर्वांनी मान्य केलेली वेळ, हे मुलांच्या लक्षात यावे म्हणून आम्ही मुंबईची गोष्ट सांगतो : १९०६ मध्ये देशाला एक वेळ मिळाल्यावरही मुंबईत त्याहून ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत वापरात राहिली. मुंबईचे घड्याळ मोडके नव्हते. त्याचा ठोका अगदी बरोबर होता, सुरुवात तेवढी वेगळी होती.

हाच भेद यंत्राच्या तपासणीचा पाया आहे. आपले यंत्र प्रमाणवेळेपेक्षा किती पुढे किंवा मागे आहे, याला महत्त्व नाही. तो फरक उद्या किती बदलला, याला आहे. सोमवारी सकाळी आठ वाजता आमचा दिवा प्रमाणवेळेच्या ठोक्यानंतर चारदशांश सेकंदाने लागला आणि मंगळवारी आठ वाजताही चारदशांशानेच लागला, तर यंत्र निर्दोष आहे. तो मंगळवारी सहादशांशाने लागला, तर यंत्र दिवसाला दोनदशांश सेकंद मंद आहे. अनेक मुले पहिल्या दिवशीच फरक शून्य करण्याच्या मागे लागतात आणि त्यासाठी बारावा पाय क्षणभर धन टोकाला लावून यंत्र ‘बरोबर ठोक्यावर’ सोडू पाहतात. पण त्याने क्रिस्टलचे कंपनच थांबते आणि पुन्हा सुरू व्हायला काही क्षण घेते. शून्याचा हट्ट सोडून फरक तेवढा लिहून ठेवावा, हे त्यांना पटवायला वेळ लागतो.

फरक मोजण्याची आमची रीत स्वस्त आहे. संगणकाची वेळ इंटरनेटवरून राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या काल-सर्व्हरशी जुळवून घेतो, त्याच्या पडद्यावर सेकंदासह वेळ दिसू देतो, फळी त्याच्या शेजारी धरतो आणि मोबाइलने दोन्हींचे एकत्र चित्रीकरण करतो. चित्रफितीत सेकंदाला तीस चौकटी असतात. पडद्यावरचा सेकंद बदलण्याची चौकट आणि दिवा उजळण्याची चौकट यांमधल्या चौकटी मोजल्या, की फरक एकतीसांश सेकंदापर्यंत कळतो. दिवा विझण्याचा क्षण मोजायचा नाही, उजळण्याचाच मोजायचा. स्पंद किती रुंद आहे याला महत्त्व नसते, त्याची चढती कडा तेवढी विश्वासाची. पुढे मोजणीयंत्रही तीच कडा मोजते. एका दिवसाच्या अंतराने हे केले तर एकतीसांश सेकंदाची चूक ८६,४०० सेकंदांत विरघळते. महागड्या उपकरणाने एका मिनिटात जे साधते ते साध्या साधनाने एका दिवसात साधते, मात्र तो दिवसभर ठोका चुकता कामा नये. फलकावर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आकडा ८६,४०० ने पुढे गेलेला असावा. सात दिवस शून्यापासून अखंड चालवले तर पाच आकड्यांची पट्टी सहा वेळा भरून पुन्हा सुरू होते आणि ०४८०० दाखवते. हा आकडा का येतो, ते प्रत्येक नव्या तुकडीला काढायला लावतो.

साध्या क्रिस्टलची मूळ चूक दशलक्षांत वीसपर्यंत असू शकते, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंदांच्या आत. दोन बावीस पिकोफॅरड कपॅसिटरांपैकी एकाच्या जागी पाच ते तीस पिकोफॅरडचा ट्रिमर बसवला तर ती कमी करता येते. धारकता वाढवली की यंत्र मंदावते, घटवली की वेगावते. ट्रिमर प्लॅस्टिकच्या पेचकसाने फिरवावा, लोखंडी पेचकस जवळ आला तरी गती बदलते. एकदा फिरवला की चोवीस तास हात लावायचा नाही.

उष्णतेचे गणित येथेही सुटत नाही, पण ते कळून घेता येते. घड्याळाचा क्रिस्टल पंचवीस अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत वेगाने चालतो. तापमान वर गेले तरी मंद, खाली गेले तरी मंद. मंदपणा अंशांच्या फरकाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. चाळीस अंशांना तो दिवसाला सुमारे पाऊण सेकंद भरतो; विदर्भातील मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत सव्वा सेकंदाच्या घरात जातो. मनगटी घड्याळ माणसाच्या अंगाला चिकटून राहते, म्हणून त्याला हा त्रास कमी होतो. आमच्या नोंदवहीत फरकाच्या रकान्याशेजारी खोलीचे तापमान लिहिण्याचा रकाना त्यासाठीच आहे.

यंत्राची दुसरी, अधिक जुनी परीक्षा लंबकाने होते. आपल्या भागात दोन सेकंदांचे पूर्ण आंदोलन करणाऱ्या लंबकाची लांबी ९९.१ सेंटिमीटर भरते. टांगणीपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत तेवढा दोरा घेऊन लहान झोका दिला, तर प्रत्येक टोकाला पोहोचणे आणि दिव्याचे उजळणे बराच वेळ जोडीने चालते. ही परीक्षा क्रिस्टलपेक्षा स्थूल आहे. तरीही विजेच्या ठोक्याला गुरुत्वाकर्षणाने दुजोरा दिलेला मुलांना फार आवडतो, आणि आम्हांलाही.

उपयोगाकडे वळू. ४०६० च्या पाचव्या पायावर सेकंदाला १,०२४ स्पंद मिळतात. मोजणीयंत्राला सेकंदाच्या ठोक्याऐवजी हे स्पंद दिले की ते जवळजवळ एका सहस्रांश सेकंदाने मोजू लागते. एक मीटर उंचीवरून सोडलेल्या लोखंडी गोळीला खाली यायला ४६३ स्पंद लागले पाहिजेत. त्यावरून गुरुत्वीय त्वरण ९.७८ येते. एखादा स्पंद कमी-अधिक पडला तर उत्तर ९.८३ किंवा ९.७४ होते. पुस्तकातील आकडा आणि आपला आकडा यांत फरक का पडला, याचे उत्तर येथे मुले स्वतः काढतात. गोळी सोडणाऱ्या विद्युतचुंबकाची ढिलाई, उंची मोजण्यातील मिलिमीटर, आणि मग स्पंद. सुरुवात व शेवट टिपण्यासाठी प्रकाशकिरण अडवण्याची सोय लागते. त्यासाठी एल.डी.आर. वापरू नये, तो प्रकाशातील बदलाला फार सावकाश प्रतिसाद देतो. फोटो-ट्रान्झिस्टर घ्यावा.

मैदानावर याच मोजणीयंत्राने आम्ही वेळनोंदकांचा सराव घेतो. सुरुवातीच्या इशाऱ्याच्या बटणाने मोजणी सुरू होते, शेवटच्या रेषेवर किरण अडला की थांबते. तेरा सेकंदांच्या धावेला फलकावर १३,३१२ दिसते; त्याला १,०२४ ने भागायचे. नियमाप्रमाणे धड रेषेवर यावे लागते, हात नव्हे. म्हणून एकावर एक असे दोन किरण ठेवून दोन्ही एकदम अडले तरच मोजणी थांबेल अशी व्यवस्था केली आहे. या यंत्राची वेळ अधिकृत नाही आणि आम्ही तशी सांगतही नाही. मात्र त्याच धावेची वेळ तीन विद्यार्थी हाताने घेतात, तिन्ही वेगळ्या आल्या तर नियमानुसार मधली धरतात, आणि प्रत्येकाच्या वेळेपुढे यंत्राशी असलेला फरक लिहितात. महिनाभरात प्रत्येकाला आपला अंगठा किती आणि कोणत्या दिशेने चुकतो हे कळते. निवड चाचणीत मुलाला सांगितलेल्या वेळेकडे कसे पाहावे, हे पालकांनाही त्या वहीवरून दाखवता येते.

बिघाडांविषयी थोडे, कारण यंत्र उभारणाऱ्याला त्याचीच गरज अधिक. दिवा लागतच नसेल तर प्रथम बारावा पाय पाहावा. मग जुने काट्याचे मल्टिमीटर असेल तर ते निर्गम तारेवर लावावे. काटा डुलताना दिसतो आणि डिजिटल मीटरच्या उड्या मारणाऱ्या आकड्यांपेक्षा पुष्कळ अधिक सांगतो. मोजणी एकदम दोन-दोनने पुढे सरकत असेल तर प्रत्येक आय.सी.च्या पुरवठ्याच्या पायांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे का ते तपासावे. हाताने दाबायच्या बटणाने एकाच दाबात तीन-चार ठोके मोजले जात असतील, तर दोष बटणाचा आहे. आतील पत्रा आदळून थरथरतो. त्याच्या आणि मोजणीयंत्राच्या मध्ये आणखी एक ५५५ एकाच स्पंदाच्या जोडणीत घालावी. सत्तेचाळीस किलोओहम आणि एक मायक्रोफॅरड घेतले की प्रत्येक दाबाला सुमारे बावन्न सहस्रांश सेकंदांचा एकच स्वच्छ स्पंद मिळतो. क्रिस्टलची जोडणी ब्रेडबोर्डवर कधी चालते, कधी रुसते. ती झाळूनच घ्यावी आणि तारा आखूड ठेवाव्यात. पावसाळ्यात सुरू व्हायला यंत्र कुरकुरू लागले, तर झाळकामानंतर राहिलेला राळेचा थर ओलावा धरून बसलेला असतो. दहा मेगाओहमच्या रेझिस्टरभोवती तेवढा ओलावाही पुरतो. स्पिरिट लावलेल्या जुन्या दातांच्या ब्रशने ती जागा घासावी, उन्हात तासभर वाळवावी आणि मग पुन्हा बॅटरी जोडावी.